मध्येच अडखळणारे इनबोर्ड इंजिन: बिघाड पायरीपायरीने कसा शोधावा

बोटीचे इनबोर्ड (म्हणजे बोटीच्या आत बसवलेले) इंजिन अजिबात सुरूच होत नसेल, तर बिघाड शोधणे त्या मानाने सोपे असते, कारण बिघाड समोर हजर असतो. खरा त्रास देते ते धक्क्याला बांधलेले असताना निर्दोष चालणारे इंजिन. किनाऱ्यापासून दूर गेल्यावर ते अचानक मिसिंग मारू लागते, थोड्या वेळाने आपोआप सुधारते आणि मेकॅनिक येईपर्यंत पुन्हा शहाण्यासारखे वागू लागते. अशा वेळी बहुतेक नवे बोटमालक अंदाजाने सुटे भाग बदलत जातात: आधी प्लग, मग कॉइल, मग इंधनाचा पंप. खर्च वाढत जातो. त्यातल्या एखाद्या बदलानंतर योगायोगाने दोन फेऱ्या नीट पार पडल्या, की चुकीचा निष्कर्ष डोक्यात पक्का बसतो.

खाली दिलेल्या सगळ्या पद्धतीचा आधार एकच आहे: अधूनमधून होणारा बिघाड तो चालू असतानाच पकडावा लागतो. इंजिन नीट चालत असताना घेतलेली मोजमापे नीटच येणार. म्हणून तयारी अशी ठेवायची, की अडखळणे सुरू होताच हाताशी असलेल्या दोन-तीन मिनिटांत एखादी चाचणी करता यावी आणि तिच्या निकालाने संशयितांची निम्मी यादी बाद व्हावी. हा लेख शाफ्टवर चालणाऱ्या पेट्रोल आणि डिझेल इंजिनांसाठी आहे. जिथे दोन्हींची वाट वेगळी होते, तिथे तसे सांगितले आहे.

१. इंजिनाला हात लावण्यापूर्वी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. मोटारीत ती खालून निघून जाते, बोटीत मात्र तळाच्या खोलगट भागात साचून राहते. हवेत तिचे प्रमाण साधारण दीड टक्क्यापर्यंत गेले, तरी एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. त्यामुळे पेट्रोल इंजिनाच्या बाबतीत क्रम कधीही बदलू नये: आधी ब्लोअर (इंजिनाच्या खोलीतली हवा बाहेर फेकणारा पंखा) किमान चार मिनिटे चालवावा, मग इंजिनावरचे झाकण उघडून खाली वाकून वास घ्यावा आणि वास नसेल तरच चावी फिरवावी. इंधनाची कोणतीही नळी सोडण्यापूर्वी बॅटरीचा मुख्य स्विच बंद करावा, आणि सांडलेले इंधन पुसून, पुन्हा हवा खेळू दिल्याशिवाय तो चालू करू नये.

याच कारणाने मोटारीचे स्वस्त भाग बोटीत बसवू नयेत. बोटीसाठी बनवलेले स्टार्टर, आल्टरनेटर आणि डिस्ट्रिब्यूटर आतली ठिणगी बाहेरच्या वाफेपर्यंत पोहोचू नये अशा रचनेचे असतात. त्यांच्यावर बहुधा एसएई जे११७१ किंवा आयएसओ ८८४६ या मानकाचा उल्लेख असतो. कार्बोरेटरचेही तसेच आहे. बोटीच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल प्रमाणाबाहेर भरले, तर ते इंजिनाच्या आत जाते. मोटारीच्या कार्बोरेटरमधून ते बाहेर सांडू शकते.

आणखी एक सापळा नवख्यांना हमखास गाठतो. इंजिन सुरू होत नसताना स्टार्टर वारंवार फिरवत राहिलात, तर थंडाव्यासाठी घेतलेले समुद्राचे पाणी एक्झॉस्टमध्ये साचत जाते, कारण ते बाहेर ढकलायला धूरच नसतो. पुरेसे पाणी साचले की ते उलटे सिलिंडरमध्ये शिरते आणि किरकोळ बिघाडाचे रूपांतर इंजिन उतरवण्यात होते. दोन-तीन प्रयत्नांत इंजिन पकडले नाही, तर पाणी आत घेणारा कॉक बंद करून पुढचे प्रयत्न करावेत आणि इंजिन सुरू होताच तो लगेच उघडावा. विसरू नये म्हणून चावीला दोरीने एक चिठ्ठी बांधून ठेवणे ही साधी पण उत्तम सवय आहे. बोट जमिनीवर असेल, तर पाण्याची जोडणी केल्याशिवाय इंजिन चालवू नये. पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर कोरडा फिरला की लवकरच फाटतो.

२. जवळ काय असावे

फार महागडी साधने लागत नाहीत. माझ्या मते सगळ्यांत उपयोगी साधन म्हणजे दुसरा माणूस: एकाने सुकाणू आणि थ्रॉटल सांभाळायचा, दुसऱ्याने इंजिनाजवळ राहायचे. बोट चालवता चालवता एकट्याने इंजिनाच्या खोलीत डोकावणे धोक्याचे आहे.

- इंजिनाची दुरुस्ती-पुस्तिका आणि वायरिंगचा नकाशा, इंजिनाचा मॉडेल व अनुक्रमांक (हा आकडा नसेल, तर सुटे भाग चुकीचे येतात), आणि आधीच्या दुरुस्त्यांची बिले किंवा नोंदवही
- मल्टिमीटर, फ्यूज लावलेली एक लांब वायर आणि मगरपकडी
- पेट्रोल इंजिनासाठी प्लग आणि प्लगची वायर यांच्यामध्ये बसणारा स्पार्क टेस्टर
- झाकणाची पारदर्शक काचेची बरणी, इंधनाचे नवे फिल्टर आणि नळीच्या जादा क्लिपा
- इंधनाची छोटी सुटी टाकी, तिची स्वतःची नळी आणि फिल्टर
- इन्फ्रारेड थर्मामीटर, टॉर्च, पाने, चिंध्या आणि आग विझवण्याचे साधन हाताला येईल असे
- कॉम्प्रेशन गेज (हे उसने मिळाले तरी चालते, कारण त्याची गरज शेवटी पडते)

इंजिनात संगणक म्हणजे ईसीयू असेल, तर त्याचे कोड वाचणारे उपकरण आधी मिळवा. कोड नेमका खराब भाग सांगतोच असे नाही, पण तो कोणत्या वेळी आणि किती आरपीएमवर (इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर) नोंदला गेला एवढे कळले तरी बरेच काम होते.

३. बिघाडाची नोंद ठेवा

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून बहुतेक जण गाळतात आणि नंतर अंदाजांच्या मागे धावत राहतात. प्रत्येक वेळी इंजिन अडखळले, की पुढच्या गोष्टी लिहून ठेवाव्यात: सुरू केल्यापासून किती वेळाने अडखळले, किती आरपीएमवर, टाकीत इंधन किती होते, समुद्र शांत होता की लाटा होत्या, इंजिन गरम होते की थंड, आणि थ्रॉटल कमी केल्यावर किंवा इंजिन थोडा वेळ बंद ठेवल्यावर काय झाले.

या नोंदींतून बिघाडाचे चित्र आपोआप उभे राहते. मोठ्या वेगावर काही काळ नीट चालून मग ओढ हळूहळू कमी होते आणि वेग कमी केल्यावर इंजिन सावरते, तर इंधन पुरेसे पोहोचत नाही असे समजावे. बंद करून दहा मिनिटे थांबल्यावर पुन्हा पूर्ण ताकदीने चालत असेल, तर टाकीतील नळीच्या तोंडाशी अडकलेला कचरा ओढ थांबताच खाली पडतो, किंवा टाकीत तयार झालेला निर्वात हळूहळू भरून निघतो. फक्त लाटांमध्ये अडखळत असेल, तर तळाचा गाळ ढवळला जात आहे किंवा टाकी अर्धी रिकामी असल्याने नळी मधूनच हवा ओढत आहे. लाटांच्या हादऱ्याने सैल झालेली वायरसुद्धा हेच करते, म्हणून एवढ्यावर निर्णय देऊ नये. इंजिन चांगले तापल्यावरच बिघडत असेल, तर पेट्रोल इंजिनात कॉइल आणि डिस्ट्रिब्यूटरमधील इलेक्ट्रॉनिक भागावर पहिला संशय घ्यावा. गरम इंजिन बंद करून थोड्या वेळाने पुन्हा सुरू केल्यावर ते काही मिनिटेच गचके देत असेल, तर इंजिनाच्या उष्णतेने नळीत पेट्रोलची वाफ झालेली असू शकते.

अडखळण्याचा स्वभावही लिहावा. इंधनाचा दोष साधारणपणे हळू चढतो आणि हळू उतरतो. विजेचा दोष चावी बंद करून चालू केल्यासारखा एकदम येतो. पेट्रोल इंजिनात आरपीएमचा काटा इथे मोठा साक्षीदार ठरतो. बहुतेक जुन्या इंजिनांत त्याला संकेत कॉइलच्या प्राथमिक बाजूकडून मिळतो. इंजिनाचे वजनदार चाक आपल्या जोरावर फिरत असताना काटा मात्र क्षणात शून्याकडे कोसळत असेल, तर इंधनाकडे बघण्याची गरज नाही. कॉइलला जाणारी वीज किंवा तिला चालवणारा भागच तुटत आहे. डिझेलमध्ये काट्याला संकेत अनेकदा आल्टरनेटरकडून मिळतो, त्यामुळे तिथे काटा उडाला आणि इंजिनाचा आवाज बदलला नाही, तर दोष बेल्टमध्ये किंवा वायरमध्ये आहे.

नोंदी ठेवताना एक शिस्त पाळावी: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. फिल्टर, प्लग आणि कॉइल एकाच दिवशी बदलले आणि इंजिन सुधारले, तर काय बिघडले होते हे कधीच कळत नाही. तो भाग पुन्हा दगा देतो, तेव्हा शोध पहिल्यापासून सुरू होतो.

४. इंजिन अडखळते की शाफ्ट थरथरतो

ही शंका लवकर मिटते. ज्या आरपीएमवर थरथर होते, तोच आरपीएम गिअर न टाकता थोडा वेळ द्या. थरथर तशीच राहिली, तर दोष इंजिनाचा. नाहीशी झाली, तर दोन शक्यता उरतात: भार आल्यावरच उघड होणारा इंजिनाचा दोष, किंवा बोट ढकलणारा पंखा (प्रोपेलर), शाफ्ट आणि इंजिनाचे रबरी माउंट. आवाज ऐकून फरक कळतो. स्फोटांची लय मोडत असेल, तर इंजिन मिसिंग मारते आहे. लय सारखी असून सगळी बोट हादरत असेल, तर पंख्याला गुंडाळलेली दोरी, वाकलेले पाते किंवा झिजलेले बेअरिंग शोधावे. शाफ्ट आणि गिअरबॉक्स यांची जुळणी बोट पाण्यात असतानाच तपासावी लागते, कारण जमिनीवर टेकलेल्या बोटीच्या सांगाड्याचा आकार किंचित बदलतो.

५. इंधन: टाकीपासून इंजिनापर्यंत

पेट्रोल असो की डिझेल, अधूनमधून अडखळण्याची सुरुवात बहुतेक वेळा इथेच सापडते, म्हणून या पायरीला सगळ्यांत जास्त वेळ द्यावा.

पहिली चाचणी फुकटची आहे. अडखळणे सुरू होताच टाकीचे भरण्याचे झाकण सैल करायला सांगा. हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला आणि थोड्याच वेळात इंजिन सावरले, तर टाकीची हवानळी तुंबली आहे. या नळीचे तोंड बोटीच्या बाहेरच्या बाजूला असते. त्यात कोळी आणि गांधीलमाश्या घरटी करतात, मीठ साचते, किंवा नळीला मध्येच झोल पडून त्यात इंधन अडकते. नळी काढून त्यातून हवा सहज जाते का ते पाहावे.

दुसरी चाचणी इंधनाच्या नमुन्याची आहे. पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरमधील इंधन काचेच्या बरणीत ओतून अर्धा तास न हलवता ठेवावे. पाणी तळाशी जाते. मधली सीमारेषा उजेडात धरल्यावर स्पष्ट दिसते. पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळलेले असेल, तर ते थोडेसे पाणी, साधारण अर्धा टक्का, स्वतःत सामावून घेते. त्यापुढे पाणी आणि इथेनॉल दोन्ही एकत्र होऊन तळाशी वेगळा थर बनवतात. टाकीतून इंजिनाकडे जाणारी नळी नेमकी तळाजवळून ओढते. असे झालेले पेट्रोल रसायने घालून सुधारत नाही. ते उपसून टाकी स्वच्छ करणे हाच उपाय आहे. डिझेलमध्ये पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात आणि काळपट, बुळबुळीत गाळ तयार होतो. फिल्टर बदलूनही तो दर थोड्या तासांनी पुन्हा काळा पडत असेल, तर दोष टाकीत आहे.

तिसरी चाचणी सगळ्यांत निर्णायक आहे: सुट्या टाकीवर इंजिन चालवणे. स्वच्छ इंधनाची छोटी टाकी उघड्या डेकवर घट्ट बांधावी (इंजिनाच्या खोलीत कधीही नाही) आणि तिची नळी इंजिनावरच्या पंपाच्या अगदी आधी जोडावी. अशाने टाकी, हवानळी, बोटीतल्या सगळ्या नळ्या आणि फिल्टर एका फटक्यात बाजूला पडतात. ज्या परिस्थितीत बिघाड होतो, नेमक्या त्याच परिस्थितीत बोट न्यावी. इंजिन तरीही अडखळले, तर दोष इंजिनाकडे आहे. अडखळले नाही, तर जोडणी एक-एक पायरी मागे नेत, आधी फिल्टरच्या अलीकडे आणि मग टाकीच्या तोंडाशी, दोष कोणत्या टप्प्यात परत येतो ते पाहावे. डिझेल इंजिनात आणि काही पेट्रोल इंजेक्शन इंजिनांत जादा इंधन परत टाकीत जाते. ती परतीची नळीही सुट्या टाकीतच सोडावी लागते, नाहीतर छोटी टाकी बघता बघता रिकामी होते.

दोष टाकीच्या बाजूला निघाला, तर तीन जागा हटकून तपासाव्यात. पहिली, टाकीच्या तोंडाशी असलेला उलट-सायफन व्हॉल्व्ह. एक छोटी स्प्रिंग आणि गोळी एवढेच त्याचे शरीर असते. गंजाने ती गोळी अर्धवट अडकते. तो साफ करावा किंवा बदलावा, पण काढून टाकू नये, कारण नळी तुटल्यास सगळी टाकी बोटीच्या तळात रिती होण्यापासून तोच वाचवतो. दुसरी जागा म्हणजे टाकीत उतरलेली ओढनळी आणि तिच्या टोकाची जाळी. अशा एका ओढनळीच्या तोंडातून मी जुन्या सीलंटचा नखाएवढा, रबरासारखा पापुद्रा चिमट्याने बाहेर काढला आहे. ओढ वाढली की तो तोंडावर चिकटायचा आणि इंजिन बंद केले की सुटून खाली तरंगायचा, त्यामुळे नुसती नळी फुंकून पाहिल्यावर ती मोकळीच वाटे. तिसरी जागा म्हणजे नळी स्वतः. जुन्या रबरी नळीचा आतला थर सुटून पडद्यासारखा आडवा येतो, आणि बाहेरून नळी नव्यासारखी दिसते. वाकवून पाहताना ती पिचपिचीत किंवा चिकट लागली, तर बदलावी, आणि नवी नळी बोटीच्या इंधनासाठीचीच, म्हणजे आयएसओ ७८४० किंवा एसएई जे१५२७ यांसारख्या मानकाची असावी.

मोठे फिल्टर सगळे बदलतात, छोट्या जाळ्या मात्र विसरतात. कार्बोरेटरच्या तोंडाशी आणि काही पंपांच्या आत बोटाच्या पेराएवढी जाळी असते. ती कुठे आहे हे पुस्तिकेतील चित्रातच सापडते.

६. बॅटरी, अर्थिंग आणि जोडण्या

कॉइल किंवा ईसीयूला दोष देण्यापूर्वी त्यांना मिळणारी वीज तपासावी. पूर्ण भरलेली आणि विश्रांती घेतलेली १२ व्होल्टची बॅटरी साधारण १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते; इंजिन चालू असताना आकडा साधारण १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असावा. पण बॅटरीवरचा आकडा इंजिनापर्यंत पोहोचतो का, हा खरा प्रश्न आहे. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या ब्लॉकवर स्वच्छ धातूला टेकवून स्टार्टर फिरवावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त आकडा दिसला, तर अर्थिंगची वायर किंवा तिचे टोक गंजले आहे.

इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधल्या वायरींच्या जुडग्यात बहुतेक बोटींवर एक मोठा अनेक पिनांचा प्लग असतो. तो उघडून पाहावा. बाहेरून तो स्वच्छ दिसतो, पण आत एखाद्या पिनेच्या बुडाशी हिरवट पूड असते आणि शेजारचे प्लॅस्टिक किंचित तपकिरी पडलेले असते. त्या पिनेतून वीज जाताना ती तापते, तापल्यावर संपर्क आणखी सैल होतो आणि इंजिन अडखळते. थंड झाली की सगळे ठीक. इंजिन नुसते आयडलवर चालू ठेवून हा प्लग, चावीच्या मागच्या वायरी आणि आपत्कालीन बंद-स्विच एक-एक करून हाताने हलवावेत. ज्याला हात लावताच इंजिन दचकते, तो गुन्हेगार.

७. पेट्रोल इंजिनाची ठिणगी

अडखळणे सुरू असताना स्पार्क टेस्टरकडे पाहावे. ठिणगी नियमित असेल, तर इग्निशनचा पाठलाग तिथेच सोडून इंधनाकडे परत जावे. ठिणगी तुटत असेल आणि सगळ्या सिलिंडरची एकदम तुटत असेल, तर कॉइल, तिची वीज किंवा डिस्ट्रिब्यूटरमधील सेन्सर यांपैकी एक. एकाच सिलिंडरची तुटत असेल, तर प्लग, त्याची वायर किंवा डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपचे ते एक टोक.

जुन्या, ईसीयू नसलेल्या इंजिनांत एक झटपट चाचणी करता येते. फ्यूज लावलेली वायर बॅटरीच्या धन टोकापासून थेट कॉइलच्या धन टोकाला जोडावी. दोष गेला, तर कॉइल निर्दोष असून चावी किंवा जुडगे खराब आहे. दोन सूचना मात्र ध्यानात ठेवाव्यात. ही वायर जोडलेली असताना चावी फिरवून इंजिन बंद होत नाही, वायरच काढावी लागते. आणि मूळ जोडणीत रेझिस्टर असेल, तर ही चाचणी काही मिनिटांच्या वर चालवू नये, नाहीतर कॉइल आणि पॉइंट (डिस्ट्रिब्यूटरमधले कॉइलची वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) तापून जळतात.

कॅप आणि रोटर उजेडात नीट पाहावेत. आत केसाएवढी काळी रेघ दिसली, तर ती वीज गळण्याची वाट आहे. दमट हवेत ती उघडते आणि इंजिन गरम होऊन ओल सुकली की बंद होते.

प्लग वाचण्यासाठी इंजिन भारावर चालवून तिथेच एकदम बंद करावे, आयडलवर आणून नव्हे. आयडलची काजळी खरी खूण झाकते. सगळे प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडावेत. फिकट तपकिरी रंग ठीक, कोरडी काळी काजळी म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी, आणि ओला तेलकट थर म्हणजे इंजिनातले ऑइल वर येत आहे. एखादाच प्लग इतरांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ किंवा गंजलेला निघाला, तर मात्र शोध तिथेच थांबवावा. त्या सिलिंडरमध्ये पाणी येत आहे, बहुधा आतून कुजलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधून, नाहीतर गेलेल्या हेड गॅस्केटमधून. ते दुरुस्त होईपर्यंत इंजिन पुन्हा फिरवू नये.

८. डिझेल इंजिन

डिझेलमध्ये ठिणगी नसल्याने मुख्य संशयित म्हणजे इंधनात शिरलेली हवा. हवा धरलेले इंजिन आयडलवर कमी-जास्त होत राहते, भार पडताच दमते आणि कधी थेट बंद पडते. नवख्यांना चकवणारी गोष्ट अशी, की टाकी आणि फीड पंप यांच्यामधली नळी ओढीखाली असते. तिथल्या बारीक फटीतून हवा आत जाते, पण डिझेल बाहेर ठिबकत नाही. सगळे कोरडे दिसते म्हणून गळती नाही, असे समजू नये. फीड पंपाच्या आधी चाचणीपुरता पारदर्शक नळीचा तुकडा जोडला, तर बुडबुडे डोळ्यांना दिसतात. मग फिल्टरच्या झाकणाचे रबरी सील, तळाचा निचरा-स्क्रू आणि प्रत्येक जोड क्रमाने तपासावा. फिल्टर बदलताना जुने सील तसेच ठेवले जाणे हे या बिघाडाचे फार नेहमीचे कारण आहे.

हवा काढताना हाताने चालवायच्या पंपाच्या दांड्याला काहीच जोर लागत नसेल, तर पंप खराब आहे असे लगेच मानू नका. इंजिनाचा कॅम नेमका पंपाला दाबून थांबलेला असू शकतो. इंजिन हाताने एक फेरा फिरवले की दांडा पुन्हा काम करू लागतो. मात्र ऑइलची पातळी न भरता वाढत असेल, तर पंपाचा पडदा फाटून डिझेल ऑइलमध्ये उतरत असण्याची शक्यता आहे, आणि असे इंजिन चालवू नये.

कोणता सिलिंडर काम करत नाही हे शोधण्यासाठी जुने मेकॅनिक आयडलवर एकेका नोझलच्या नळीचा नट किंचित सैल करतात. ज्याचा नट सोडल्याने आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर मुळातच झोपलेला असतो. ही पद्धत केवळ यांत्रिक पंपाच्या जुन्या इंजिनांसाठी आहे, आणि तिथेही चष्मा व हातमोजे घालून, फवाऱ्यापासून हात दूर ठेवून. कॉमन रेल इंजिनात (ज्यात सगळ्या नोझलना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळते) दाब १००० बारच्या कितीतरी वर असतो आणि त्या फवाऱ्याने डिझेल कातडीत घुसते. तिथे नटाला हात लावू नये.

डिझेल एकदम, कसलाही आचका न देता बंद पडत असेल, तर इंधन तोडणारा सोलेनॉइड आणि त्याची वायर पाहावी.

९. हवा, धूर आणि तापमान

अडखळणे सुरू असताना इंजिनाच्या खोलीचे झाकण उघडावे. इंजिन लगेच मोकळे झाले, तर त्याला हवा पुरत नाही. हवेचे मार्ग सामानाने अडले आहेत, किंवा एअर फिल्टर अथवा पेट्रोल इंजिनावरील फ्लेम अरेस्टर (इंजिनातली ज्वाळा बाहेर येऊ न देणारी जाळी) तेलकट धुळीने बुजला आहे. फ्लेम अरेस्टर साफ करावा, काढून ठेवू नये. धुराचा रंगही बोलतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा भार जास्त, निळा म्हणजे ऑइल जळते, आणि इंजिन तापल्यावरही राहणारा पांढरा म्हणजे न जळलेले डिझेल किंवा पाण्याची वाफ. धूर आणि पाणी जिथे एकत्र होतात, तो एक्झॉस्टचा कोपरा डिझेल इंजिनात काजळी आणि क्षारांनी आतून बुजतो आणि इंजिन गुदमरते. तो उघडून पाहण्यावाचून कळत नाही.

ईसीयू असलेली इंजिने जास्त तापली किंवा ऑइलचा दाब घटला, की स्वतःहून ताकद कमी करतात. तो बिघाड वाटतो, पण ते संरक्षण असते. अशा वेळी समुद्राच्या पाण्याची गाळणी, इम्पेलर आणि बेल्ट तपासावेत.

१०. शेवटी सिलिंडर

वरचे सगळे निर्दोष निघाले, तरच कॉम्प्रेशन तपासावे. पेट्रोल इंजिनात ते गरम इंजिनावर, सगळे प्लग काढून, इग्निशन तोडून आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून मोजतात. सिलिंडरांमधला फरक १० ते १५ टक्क्यांच्या आत असावा. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील, तर त्यांच्यामधले गॅस्केट गेले आहे. चिकटणारा व्हॉल्व्ह मात्र या चाचणीतही कधी नीट दिसतो आणि चालताना फसवतो. डिझेलचे कॉम्प्रेशन मोजायला वेगळे गेज लागते, ते काम मेकॅनिककडेच द्यावे.

११. मेकॅनिककडे जाताना आणि दुरुस्तीनंतर

मेकॅनिकला ‘इंजिन मधूनच मिसिंग मारते’ एवढेच सांगितले, तर तोही भाग बदलूनच सुरुवात करणार. त्याऐवजी नोंदवही दाखवा, सुट्या टाकीच्या चाचणीचा निकाल सांगा, अडखळताना काढलेला आवाजासहित व्हिडिओ द्या, आणि बदललेले जुने भाग परत मागून घ्या. जुनी कॉइल चांगली निघाली, तर ती सुटा भाग म्हणून बोटीवर राहू शकते. शक्य असेल तर त्याला बोटीवर घेऊन समुद्रातच जा, कारण धक्क्यावर दहा मिनिटे इंजिन ऐकून दिलेले मत या बिघाडात फारसे उपयोगी पडत नाही.

दुरुस्ती झाली की नाही, हे ठरवण्यासाठी नोंदवहीतलीच परिस्थिती पुन्हा उभी करावी: टाकीत तेवढेच इंधन, तोच आरपीएम, तशाच लाटा, आणि पूर्वी जेवढ्या वेळाने बिघाड व्हायचा त्याच्या निदान दुप्पट वेळ. त्याआधी चाचणीसाठी जोडलेली थेट वायर, पारदर्शक नळी आणि सुटी टाकी काढून टाकावी, हात लागलेली प्रत्येक क्लिप पुन्हा आवळावी, आणि इंजिन चालू असताना प्रत्येक जोडाखाली कोरडी चिंधी फिरवून ओल किंवा वास येतो का ते पाहावे.